सातवा दात

हॉलिस ब्रँडव्होल्डने रुमाल सोडला.
आत पोलादाचा एक दात, मसुराएवढा.
"तू लोखंडातली बाई. सांग, हा का गेला?"

वायोमिंगमधलं डग्लस. मार्च महिना.
वाऱ्याला इथे दुसरा उद्योग नाही.
रात्री दोनला कोयोटी कुंपणाशी आले,
एक गोळी सुटली,
दुसरीला रायफल अर्ध्यातच थबकली,
आ वासून.
सकाळी मेंढ्यांत एक कोकरू कमी.

मी भिंग लावलं.
तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा रेघा,
एकीमागे एक, बारीक.
"हा परवा तुटला नाही, हॉलिस.
परवा फक्त संपला.
तुटत होता केव्हापासून."
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बायको जाऊन त्याला दुसरं वर्ष.

व्हर्ना टटलच्या दुकानात
हिरव्या कापडावर तीन ठेवले तिने,
बोल्ट, कॅरिअर, सगळे जोडून.
एक सोनेरी, लग्नाला निघाल्यासारखा.
एक काळा, तुळतुळीत.
एक राखाडी, खरबरीत, तव्याच्या पाठीसारखा.
सोनेरीची किंमत ऐकून मी मराठीतच म्हणाले,
नाकापेक्षा मोती जड.
व्हर्ना हसली. तिला काय कळलं, कोण जाणे.

मग तिने नखाने दाखवली
बोल्टवरची दोन इवली अक्षरं:
चुंबकाने तपासला आहे, चीर नाही.
"हे असलं की डोळे मिटून घ्यावं."

मी डोळे मिटले.
शिरोली एमआयडीसी, तिसरी पाळी,
काळा पडदा ओढलेली खोली,
जांभळ्या दिव्याखाली तेलाने माखलेला जॉब.
चीर असली की पेटायची पोपटी,
कैरीच्या सालीवर नख ओढावं तशी.
आणि एकतीस मार्चची ती रात्र:
गेटवर ट्रक उभा, भोसेकर साहेब दारात,
"बाई, तीनशेच तर आहेत. दिवा राहू द्या. शिक्का मारा."
मी मारला.
मनगट दुखेपर्यंत मारला.
ट्रॅक्टरचे होते ते. चालत असतील.
बहुतेक.

म्हणून अक्षरं मी वाचली नाहीत.
वरच्या नळीचे दोन स्क्रू पाहिले:
कडेचं लोखंड त्यांच्या डोक्यात
नीट, खोल दाबलेलं,
दोन्हीकडून, घाई नसलेल्या हाताने.
सोनेरीवर नुसते टोचे होते,
कुणीतरी घड्याळाकडे बघत मारलेले.
काळ्याचा एक्स्ट्रॅक्टर अंगठ्याने सहज हलला.
राखाडीचा हलेना.
"हा," मी म्हणाले.
"खात्री आहे?" हॉलिसने विचारलं.
"नाही. पण हा."

नळी जुनी, बोल्ट नवा.
सोयरीक जुळते का, ते गेजने पाहायचं.
व्हर्नाने मागच्या खोलीतून दोन काढले,
गो आणि नो-गो.
तीस वर्षांनी हातात आले,
तेच थंड, तेच गुळगुळीत.
पहिल्यावर बोल्ट मिटला.
दुसऱ्यावर अडला.
अडला, तेव्हा मी श्वास सोडला.

रविवारी त्याच्या रानात
चाळीस गोळ्या.
मी मागे उभी, कानांवर मफ,
पुंगळ्या उजवीकडे पडत होत्या,
एकाच जागी, बर्फाला भोकं पाडत,
ओट्यावर कुणी शेंगा सोलत बसावं तशा.
एकदाही थबकली नाही.
हॉलिसने रायफल खाली ठेवली,
हातमोजा काढून माझा हात दाबला.

मी पुंगळ्या मोजल्या.
एकोणचाळीस.
"एक बर्फात बुडाली असेल," तो म्हणाला.
बहुतेक, मी म्हणाले,
आणि गुडघे टेकून
अंधार पडेपर्यंत शोधत राहिले.